ड्रायव्हरचा परवाना निलंबित असेल तर ट्रॅक्टरचा विमा उपयोगी पडतो काय?



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या वेळी विषय निराळा घेतला आहे, पण तो उसापासून फार लांबचा नाही. ऊस विकासाचे काम फडात संपत नाही. ऊस गव्हाणीत पडेपर्यंत ते चालू असते, आणि फड ते गव्हाण ही वाट ट्रॅक्टरच्या चाकांवरून जाते. आपल्यापैकी पुष्कळ सभासदांनी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतले आहेत आणि ते वाहतुकीला लावले आहेत. गाडीवर पगारी ड्रायव्हर, टूलबॉक्समध्ये विम्याचा कागद. विमा आहे म्हणजे घोर नाही, अशी एक समजूत त्या कागदाबरोबरच घरात येते.

गट कार्यालयात आम्हाला जो प्रश्न वरचेवर विचारला जातो तो असा: ड्रायव्हरचे लायसन आर.टी.ओ.ने तीन महिन्यांसाठी निलंबित केले आहे. विमा मात्र चालू आहे, हप्ता भरला आहे. हंगाम ऐन भरात आहे, दुसरा ड्रायव्हर मिळत नाही. तेवढे दिवस त्यालाच बसू दिले तर काय बिघडले?

बिघडते. आणि जे बिघडते ते ड्रायव्हरचे कमी, ट्रॅक्टरमालकाचे जास्त.

निलंबन होते कसे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९ प्रमाणे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला ठरावीक कारणांसाठी परवानाधारकाला काही मुदतीपुरते अपात्र ठरवता येते किंवा परवाना कायमचा रद्द करता येतो. ही कारणे कोणती, ते १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम २१ मध्ये दिले आहे. त्यात मालवाहू गाडीत जादा भार भरणे आहे, मालवाहू गाडीतून माणसे नेणे आहे, दारू पिऊन गाडी चालवणे आहे, गाडी चालवताना मोबाईलवर बोलणेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली सर्व राज्यांना सांगितले की अशा गुन्ह्यांत परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. आता हीच यादी डोळ्यांसमोर धरून संध्याकाळी कारखान्याच्या रस्त्याला उभे राहून बघा. दोन ट्रॉल्या शिगोशीग भरलेल्या, वर टोळीतली माणसे बसलेली आणि ड्रायव्हरच्या कानाला फोन. आम्ही कोणाला बोल लावत नाही. पण निलंबनाची कारणे आपल्या धंद्यात पावलोपावली आहेत, हे मान्य करावे लागेल.

कित्येकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट येथेच सांगतो. परवाना माणसाचा असतो, गाडीचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनहेल्मेट मोटारसायकल चालवण्याला दंडाबरोबर तीन महिन्यांची अपात्रताही कायद्यात लिहिली आहे. तिचा अंमल सगळीकडे सारखा होतो असे नाही. पण तुमचा ड्रायव्हर रविवारी बाजाराला बिनहेल्मेट गेला, तेथे पकडला गेला आणि पुढे त्याच्यावर अपात्रतेचा आदेश झाला, तर सोमवारी तो तुमच्या ट्रॅक्टरवर बसायला लायक आहे की नाही, हे त्या आदेशावर ठरेल. आदेश सर्व वर्गांच्या गाड्यांसाठी असू शकतो, काही वर्गांपुरता असू शकतो. तो वाचल्याशिवाय कळत नाही.

दुसरा प्रकार त्याहून अवघड. कलम २१ प्रमाणे, धोकादायक रीतीने गाडी चालवल्याबद्दल पूर्वी एकदा शिक्षा झालेल्या माणसावर तशाच गाडी चालवण्याने कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी जबर जखमी झाले असा गुन्हा पोलिसांत नोंदला गेला, तर नोंदीच्या तारखेपासून सहा महिने त्या वर्गाच्या गाडीचा परवाना आपोआप निलंबित होतो. निकाल लागण्याची वाट पाहिली जात नाही. लायसनचे कार्ड त्याच्या खिशात तसेच असते, मालकाला दाखवायलाही तयार असते. कायद्याने मात्र ते त्या मुदतीत कामाचे नसते.

पावतीचाही एक घोटाळा आहे. जुन्या माणसांना आठवत असेल, पोलिसाने लायसन ठेवून घेतले तर तो पावती देई आणि लायसन परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येई. तो नियम अजून आहे, पण सगळ्या गुन्ह्यांना नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०६ मध्ये नवे पोटकलम आले. अतिवेग, धोकादायक रीतीने चालवणे, दारू पिऊन चालवणे, सुरक्षित नसलेली गाडी रस्त्यावर आणणे अशा गुन्ह्यांत पोलिसाने लायसन जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते, आणि तेव्हा दिलेल्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. म्हणून ड्रायव्हर म्हणाला, “पावती आहे की मालक,” तर ती कोणत्या कलमाखालची आहे ते वाचून घ्या. दंड भरला म्हणजे प्रकरण मिटले असेही धरून चालू नये. दंड वेगळा, निलंबन वेगळे.

पॉलिसीत काय लिहिले आहे

पॉलिसीचा कागद बारीक अक्षरात आणि बहुधा इंग्रजीत असतो, त्यामुळे आपण तो वाचत नाही. पण त्यात ‘ड्रायव्हर’ या शब्दापुढे एक कलम असते, तेवढे कोणाकडून तरी वाचून घ्यावे. त्याचा आशय असा: विमेदारासह कोणीही गाडी चालवू शकेल, परंतु अपघाताच्या वेळी त्याच्याजवळ अंमलात असलेला परवाना हवा, आणि तो परवाना धारण करण्यास अपात्र ठरवलेला नसावा. या शेवटच्या शब्दांत आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. परवाना निलंबित झाला की निलंबनाच्या मुदतीपुरता तो अंमलात नसतो. मुदत संपलेले लायसन आणि निलंबित लायसन यांत पुष्कळ जण फरक करतात. विम्याच्या दृष्टीने दोन्ही अडचणीचेच. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस परवाना चालू धरला जाई, ती सवलतही २०१९ च्या दुरुस्तीने गेली.

आता याचा परिणाम विम्याच्या तिन्ही भागांवर सारखा होत नाही.

पहिला भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. ट्रॅक्टर उलटला, ट्रॉली मोडली, इंजिन फुटले, आणि चालवणारा निलंबित परवान्याचा होता, तर कंपनी दावा नाकारते. त्यात भांडायला जागा थोडी. गाडी कोणी चालवत नसतानाच नुकसान झाले किंवा नुकसानीचा चालवण्याशी संबंधच नसला तर गोष्ट वेगळी. २००३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले होते. यांत्रिक बिघाडाने गाडीने पेट घेतला होता आणि ड्रायव्हरजवळ वैध परवाना नव्हता. आग लागण्यात ड्रायव्हरची चूक नसल्यामुळे केवळ परवान्याच्या कारणाने दावा फेटाळता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. पण ऊस वाहतुकीतले अपघात बहुतेक रस्त्यावरचे असतात, तेव्हा या अपवादाच्या भरवशावर राहू नये.

दुसरा भाग मालकाच्या स्वतःच्या अपघाताचा. मालक स्वतः गाडी चालवताना दगावला तर वारसांना १५ लाख रुपये मिळण्याची तरतूद गाडीच्या पॉलिसीत असते. पण त्यालाही अट हीच, की मालकाजवळ अपघाताच्या वेळी अंमलात असलेला परवाना असावा. ड्रायव्हर नाही म्हणून निलंबित लायसनचा मालक स्वतःच रात्री एक खेप टाकायला निघतो. कंपनी पुढे काय म्हणेल, हे त्या वेळी घरात कोणाच्या मनात नसते.

तिसरा भाग परक्या माणसाचा, ज्याला आपण थर्ड पार्टी म्हणतो. खरा धोका येथे आहे, म्हणून यावर थोडे थांबून बोलू.

कंपनी भरते, मग मालकाकडे येते

रस्त्यावरच्या तिऱ्हाईत माणसाला इजा झाली तर त्याचा किंवा त्याच्या वारसांचा कैवार कायदा घेतो. मालक आणि कंपनी यांच्यात काय अटी ठरल्या याच्याशी त्या बिचाऱ्याचा संबंध नसतो. ५ जानेवारी २००४ रोजी स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा विषय सविस्तर हाताळला. परवाना नसणे, बनावट असणे किंवा चालक अपात्र असणे एवढ्याच कारणावरून कंपनीला तिऱ्हाइताची भरपाई टाळता येत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा हयगयीने अट मोडली, हे कंपनीने शाबीत करावे लागते. शाबीत झाले तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा हक्क देऊ शकते. कोर्टकचेरीत याला ‘आधी भरा, मग वसूल करा’ असे म्हणतात.

या ठिकाणी सभासदांची फसगत होते. कंपनीने पैसे भरले असे ऐकले की मालक निर्धास्त होतो. वर्षा-दोन वर्षांनी त्याच रकमेची वसुली त्याच्या दारात येते. मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या निवाड्याची रक्कम कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे विषय ट्रॅक्टरपाशी थांबत नाही, तो जमिनीपर्यंत जातो.

रक्कम किती होते याचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण मांडतो. उदाहरण काल्पनिक आहे, रीत मात्र न्यायालयाने घालून दिलेली, २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांतली. समजा, ३२ वर्षांचा स्वतःचा छोटा धंदा करणारा माणूस ट्रॉलीला धडकून मरण पावला. घरी बायको, दोन मुले आणि आई. महिन्याची मिळकत १२,००० रुपये धरली, तर वर्षाची १,४४,००० झाली. वय चाळिशीच्या आत असल्याने पुढे मिळकत वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवले, २,०१,६०० झाले. स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा केला, १,५१,२०० उरले. या वयाला गुणक १६ आहे. गुणाकार २४,१९,२०० रुपये. शिवाय अंत्यविधी आणि घरच्यांचा आधार गेला यापोटीच्या ठरावीक रकमा आणि वर व्याज.

हा आकडा उसात मोजून बघा. हिशेबापुरता टनाला ३,००० रुपये भाव धरला तर ८०६ टन ऊस झाला. एकरी ४० टन उतारा पडला तर वीस एकरांचे पुरे ऊसबिल, तेही खत, पाणी, मशागत आणि तोडणीचा एक रुपया न धरता. आपल्या सभासदांत वीस एकर ऊस असणारे किती आहेत, ते आम्ही नोंदीवरून जाणतो.

ट्रॉलीवर बसलेल्या माणसांचाही येथेच उल्लेख करून ठेवतो. मालवाहू गाडीत फुकट बसलेले प्रवासी तिऱ्हाईत म्हणून सक्तीच्या विम्यात येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी प्रकरणात ठरवले आहे. ट्रॉलीवर बसून गावाला निघालेली बाई-माणसे पडली तर ड्रायव्हरचे लायसन चोख असूनही भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते. त्यात निलंबित लायसन आले म्हणजे बोलायलाच नको.

मालकाला बचाव आहे, पण तो आधी तयार करावा लागतो

मालक प्रत्येक वेळी अडकतोच असे नाही. २००३ च्या लेहरू प्रकरणात न्यायालयाने म्हटले की मालकाने ड्रायव्हर ठेवताना लायसन पाहिले, ते वरवर खरे दिसले, गाडी चालवून घेऊन तो नीट चालवतो याची खात्री केली, तर त्याने आर.टी.ओ. कचेरीत जाऊन तपास करावा अशी अपेक्षा धरता येणार नाही. हा निकाल बनावट लायसनच्या संदर्भातला आहे. ड्रायव्हरने निलंबन लपवून ठेवले आणि मालकाला कळायला मार्ग नव्हता, तर त्याच धर्तीवर बाजू मांडता येते.

मात्र ‘कळायला मार्ग नव्हता’ हे म्हणणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे, असे आमचे मत आहे. लायसनचा नंबर आणि जन्मतारीख घातली की ‘परिवहन’ या सरकारी संकेतस्थळावर परवान्याची सद्यस्थिती दिसते. कंपनीचा वकील उलटतपासणीत नेमके हेच विचारणार, की फोन खिशात होता, मग पाहिले का नाही? लायसनची नुसती झेरॉक्स फायलीत असून भागत नाही. २०१८ च्या पप्पू विरुद्ध विनोदकुमार लांबा या प्रकरणात मालकाने लायसनची प्रत दाखल केली, पण अपघाताच्या वेळी तोच इसम गाडी चालवत होता हे शाबीत केले नाही. न्यायालयाने कंपनीला आधी भरून मालकाकडून वसूल करण्याची मुभा दिली. हंगामात एका ट्रॅक्टरवर दिवसा एक आणि रात्री दुसरा ड्रायव्हर बसतो, कधी तर किन्नरच चाक हातात घेतो. कोणत्या खेपेला कोण होता, याची साधी वही ठेवली तरी ती पुढे उपयोगी पडते.

ड्रायव्हर परजिल्ह्यातला असेल तर विशेष लक्ष द्यावे. निलंबनाआधी परवानाधारकाचे म्हणणे ऐकून घ्यायचे असते. पण त्याची नोटीस लायसनवरच्या पत्त्यावर जाते. मराठवाड्यातल्या गावी नोटीस पडून राहते, हा सहा महिने आपल्या भागात खेपा टाकत असतो, आणि आदेश होऊन गेलेला त्यालाही ठाऊक नसतो. म्हणून लायसन हंगामाच्या सुरुवातीला एकदा पाहून पुरत नाही. पंधरवड्याच्या बिलाच्या दिवशी एकदा फोनवर पाहिले तर दोन मिनिटांचे काम आहे. पाहिल्यावर पडद्याचा फोटो तारखेसह ठेवून द्यावा. घरात शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम त्यांच्याकडे सोपवावे. आमच्यापेक्षा ती पोरे ते झटकन करतात.

निलंबन माहीत असूनही गाडी हाती दिली तर बचाव जवळजवळ संपतोच, शिवाय फौजदारी बाजू आहे. अपात्र असताना गाडी चालवणाऱ्याला कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तशा माणसाला गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

लायसन कोणत्या वर्गाचे, हा वाद निलंबनाहून वेगळा आहे. त्यात मालकांच्या बाजूने बरेच निकाल आहेत. ट्रॅक्टरचे लायसन असलेल्याने मागे ट्रॉली जोडली म्हणून त्याचे लायसन निकामी होत नाही, असे २००१ च्या नागशेट्टी प्रकरणात ठरले. हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोच्या आतले मालवाहू वाहन चालवता येते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कायम केले. हे निकाल ऐकून काही जण म्हणतात, ‘लायसनच्या कारणाने आता कंपनीला काही बोलता येत नाही.’ तसे नाही. ते निकाल अंमलात असलेल्या लायसनविषयी आहेत.

पॉलिसी हातात आहेच तर आणखी दोन ओळी पाहून घ्याव्यात: ट्रॉलीचा विमा वेगळा घेतला आहे का, आणि वापराच्या मर्यादेत फक्त शेतीकाम लिहिले आहे की भाड्याची वाहतूकही. यावर पुन्हा कधी लिहू.

निलंबन झालेच तर

ड्रायव्हरला आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. आदेश चुकीचा वाटत असेल तर मालकाने त्याला मदत करावी. चांगला ड्रायव्हर हंगामात मिळत नाही हे आम्हालाही माहीत आहे. अपील केले म्हणजे परवाना चालू झाला असे मात्र नाही. स्थगिती मिळाली तर तिची प्रत हातात येईपर्यंत चावी देऊ नये. दुसरा ड्रायव्हर पाहावा, न मिळाल्यास गट कार्यालयाला आणि आपल्या वाहतूक कंत्राटदाराला लगेच कळवावे, म्हणजे त्या फडाच्या तोडीचा क्रम बदलून दुसरी गाडी लावता येते. तोडलेला ऊस फडात वाळला की वजन घटते, हे खरे. म्हणूनच तोड टाकण्यापूर्वी कळवावे, नंतर नव्हे. निलंबित ड्रायव्हरला त्या काळात फडावर ट्रॉली भरून घेण्याच्या देखरेखीला किंवा यार्डात गाड्यांचा नंबर लावायला ठेवता येते. तीन महिने घरी बसवला तर तो दुसऱ्याकडे जातो.

मुदत संपली की लायसन आपोआप हातात येते असेही नाही. निलंबित परवान्याच्या धारकाने मान्यताप्राप्त शाळेत उजळणीचे प्रशिक्षण पुरे केल्यावरच ते परत मिळावे, अशी तरतूद आता कलम १९ मध्ये आहे. तेव्हा तीन महिने कॅलेंडरवर मोजून ड्रायव्हरला गाडीवर बसवू नये. प्रशिक्षणाचा दाखला पाहावा, मग ‘परिवहन’वर लायसन चालू दिसते की नाही ते पाहावे. ज्यांना फोनवर पाहणे जमत नाही त्यांनी लायसनची प्रत आणि ड्रायव्हरची जन्मतारीख घेऊन कामाच्या दिवशी सकाळी गट कार्यालयात यावे. आमचे शेतकी मदतनीस समोर पाहून सांगतील.